समुद्र थंड असताना वादळ कसे उठते? बॉस्टनच्या हिवाळी वादळाविषयी प्रश्न

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

नमस्कार. माझा भाचा बॉस्टनजवळ राहतो. 4 जानेवारी 2018 रोजी तिथल्या किनाऱ्यावर हिमवादळ आदळले, तेव्हा त्याने एक चित्रफीत पाठवली होती. गल्लीत समुद्राचे पाणी शिरलेले, त्यावर बर्फाचे तुकडे आणि त्यांतून वाट काढत एक निळा कचऱ्याचा डबा वाहत चाललेला. परवा जुना फोन रिकामा करताना ती पुन्हा हाती लागली. चक्रीवादळाला समुद्राचे पाणी साधारण 26-27 अंशांपर्यंत तापलेले लागते, असे आपण शाळेत शिकलो. आपल्याकडचे फियान नोव्हेंबरात आले आणि तौक्ते मे महिन्यात. जानेवारीत बॉस्टनच्या बंदरातले पाणी मात्र जेमतेम चार-पाच अंशांचे असते. मग या वादळाला बळ मिळाले कुठून? दुसरे असे, की वादळ दक्षिणेकडून वर सरकत आले म्हणतात, पण भाचा सांगतो की वारा ईशान्येकडून येत होता. हे जुळत नाही.

उत्तर (निपाणी)

त्या किनाऱ्यापासून काही अंतरावरून गल्फ स्ट्रीम हा उष्ण सागरी प्रवाह वाहतो. वादळ त्याच्यावर तयार होते, म्हणजे नियम तोच राहतो. फक्त गरम पाणी किनाऱ्याला लागून नसते, एवढेच.

उत्तर (निवृत्त भूगोल शिक्षक, खानापूर)

निपाणीकरांनी गल्फ स्ट्रीमचा उल्लेख केला ते योग्यच आहे, परंतु नियम तोच राहतो असे म्हणता येणार नाही, कारण ही वादळाची जातच निराळी आहे. आपल्या अरबी समुद्रातले वादळ पाण्याच्या उष्णतेवर जगते. हिवाळी वादळ जगते ते शेजारी-शेजारी आलेल्या थंड आणि उबदार हवेतील फरकावर.

हिवाळ्याच्या रात्री चूल पेटलेल्या खोलीचे दार उघडून पाहा. बाहेरची गार हवा जमिनीलगत पायांवरून आत येते आणि धूर चौकटीच्या वरच्या अंगाने बाहेर पडतो. जड हवा खाली घुसते, हलकी वर चढते आणि या उलथापालथीतून गती निर्माण होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जानेवारीत हेच शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात घडते, कारण जमिनीवर कॅनडाकडून उतरलेली शून्याखालची हवा असते आणि थोड्याच अंतरावर गल्फ स्ट्रीमवरची दमट, उबदार हवा. या दोन हवांच्या सीमेला आपण 'आघाडी' म्हणतो. नॉर्वेतील बर्गेनच्या हवामानशास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही कल्पना मांडली आणि शब्दही रणांगणावरूनच उचलला. आपल्या भाषेत तो अर्थासकट उतरला, याचे मला वर्गात शिकवताना नेहमी कौतुक वाटे.

एवढ्यावर मात्र मोठे वादळ होत नाही. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहाला बाक आलेला असला, तर त्या बाकाच्या पुढच्या अंगाला हवा फाकते. खालून जेवढी हवा येते त्याहून अधिक वरून निघून जाऊ लागली, की जमिनीलगतचा दाब उतरतो. त्यातच दमट हवा वर चढून तिचे ढग आणि हिम होताना जी उष्णता बाहेर पडते, ती या घसरणीला आणखी जोर देते. निपाणीकरांच्या गल्फ स्ट्रीमचे खरे काम इथे आहे. सँडर्स आणि ग्याकुम या हवामानशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये अशा झपाट्याने बळावणाऱ्या वादळांसाठी कसोटी घालून दिली: 60 अंश अक्षांशावर 24 तासांत हवेच्या दाबात 24 मिलिबारची घट. बॉस्टनच्या अक्षांशाला हा आकडा साधारण 19 होतो. जानेवारी 2018 च्या वादळात 24 तासांत सुमारे 59 मिलिबार दाब उतरला.

वाऱ्याचे म्हणाल, तर वादळ ज्या दिशेने सरकते आणि त्यात वारा ज्या दिशेने वाहतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर गोलार्धात वारे कमी दाबाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. केंद्र किनाऱ्याच्या आग्नेयेला समुद्रावर असले, की किनाऱ्याला ईशान्येचा वारा लागतो. बेंजामिन फ्रँकलिनलाही 1743 मध्ये हेच कोडे पडले होते. फिलाडेल्फियात ईशान्येच्या वाऱ्यासह आलेल्या वादळामुळे त्याला चंद्रग्रहण दिसले नाही, पण ईशान्येकडच्या बॉस्टनमध्ये भावाने ते पाहिले आणि वादळ तिथे नंतर पोहोचले.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. जानेवारीच्या पहाटे बेळगावात हुडहुडी भरते आणि चोरला घाट उतरून गोव्यात गेले की स्वेटर काढावा लागतो. मग असे वादळ आपल्याकडे का होत नाही?

उत्तर (निवृत्त भूगोल शिक्षक, खानापूर)

तो फरक मुख्यतः उंचीचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे आणि पहाटेची थंडी ऊन चढताच विरते. आपण जवळजवळ 16 अंश अक्षांशावर आहोत. हिवाळ्यातला जेट प्रवाह आपल्या बराच उत्तरेला असतो. डिसेंबर 2017 चे ओखी आठवा. तुलनेने थंड पाणी आणि उंचीवरचा जोराचा वारा लागताच, गुजरातजवळ पोहोचेपर्यंत त्याचा जोर सरला. उंचीनुसार बदलणारा जो वारा आपल्या वादळाचा माथा उडवतो, त्याच्याच आधाराने तिकडचे वादळ वाढते.

उत्तर (बेळगाव, पूर्वी व्यापारी जहाजावर नोकरी)

गल्लीत पाणी का शिरले, हे राहून गेले. दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर उचलला जातो, पण याहून मोठा वाटा किनाऱ्याकडे पाणी लोटणाऱ्या वाऱ्याचा असतो. खरा प्रश्न वेळेचा. बॉस्टनला भरती-ओहोटीत सरासरी 3 मीटरच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे वादळ ओहोटीला आले तर बरेचसे निभावून जाते. त्या वर्षी 2 जानेवारीला पौष पौर्णिमा होती आणि चंद्रही पृथ्वीच्या जवळ होता. म्हणजे समुद्राला भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) नव्हे, पुरते उधाण. वाऱ्याने लोटलेले पाणी नेमके 4 तारखेच्या दुपारच्या भरतीवर चढले आणि बंदरातली पातळी 15.16 फुटांवर गेली. फेब्रुवारी 1978 च्या हिमवादळातला विक्रम थोडक्यात मोडला.

प्रश्नकर्ता

आत्ताच फोनमध्ये पाहिले. चित्रफितीवर तिथली वेळ दुपारी एकची आहे.