अनुभव धागा : जपानच्या बेटांवर कॅमेरा घेऊन राहताना

नमस्कार मंडळी. मी शोदोशिमावर राहते. सेतोच्या अंतर्गत समुद्रातलं, कागावा प्रांतातलं हे बेट, ताकामात्सुहून फेरीने तासाभरावर. दिवसा शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका, उरलेल्या वेळात कॅमेरा. पैसे मिळवायला नाही, निव्वळ हौस म्हणून.

जपानच्या बेटांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. नाओशिमा बेटावरचं ते पिवळ्या भोपळ्याचं शिल्प, मांजरं, सूर्यास्त. पण बेटावर राहून फोटो काढणं ही फार वेगळी गोष्ट आहे. पाहुणा फोटो काढतो आणि बोटीत बसतो. इथे राहणाऱ्याला मात्र ज्यांचा फोटो काढला तीच माणसं उद्या भाजीच्या दुकानात, परवा दवाखान्यात आणि रविवारी गवत कापायच्या सामुदायिक कामात भेटतात. त्यामुळे काय टिपायचं, काय सोडायचं आणि टिपलेलं कुठे पोचवायचं, सगळंच बदलतं. याबद्दल तुमच्याकडून ऐकायचं आहे. सुरुवात मी करते.

माझं वर्ष ऋतूंपेक्षा कामांनी ओळखू येतं. कडाक्याच्या थंडीत सोमेन, म्हणजे गव्हाच्या बारीक शेवया, वाळतात. शोदोशिमाचे सोमेन हाताने ओढून करतात आणि ओढताना तिळाचं तेल लावतात. सकाळी अंगणात उंच लाकडी घोड्यांवर पांढऱ्या धाग्यांचे पडदे लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळणाऱ्या शेवया आठवतात, फक्त इथे त्या माणसापेक्षा उंच असतात. मग घरातली बाई दोन लांब काठ्या धाग्यांमध्ये घालते आणि वरून खाली सरकवत एकमेकांना चिकटलेले धागे सोडवते. त्या वेळी पडद्यामागून ऊन आलं तर प्रत्येक धागा वेगळा दिसतो. कॅमेऱ्याचं मीटर एवढ्या पांढऱ्याला फसतं आणि सोमेन राखाडी येतात, म्हणून मी एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट, ठेवते. आणि वाऱ्याच्या बाजूला उभी राहत नाही, कारण माझ्या कोटावरचं लोकरीचं तूस उडून धाग्यांवर बसेल. हे मला त्या बाईंनीच पहिल्या दिवशी हाताला धरून दाखवलं.

सोयासॉसच्या कोठारांत उजेड जवळजवळ नसतो. माणसाहून उंच सुगी (जपानी देवदार) लाकडाची पिंपं, बांबूच्या कड्यांनी आवळलेली, काही शंभर वर्षांहून जुनी. लाकडात, भिंतींत, छताला बुरशी-जिवाणूंचा थर जिवंत असतो आणि चव त्यातूनच येते. म्हणून सकाळी नत्तो (आंबवलेलं सोयाबीन) खाल्लं असेल तर आत जायचं नाही, नत्तोतले जिवाणू इथल्यांना मारक ठरू शकतात. फ्लॅशला कोणी मनाई केलेली नाही, पण तिथे मला तो मारवत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवायचा, पिंपाला पाठ टेकवायची आणि श्वास रोखून शटर दाबायचं.

जुलैच्या सुरुवातीला नाकायामाच्या भातखाचरांत मुशी-ओकुरी असते. मुलं हातात पेटते पलिते घेऊन बांधांवरून चालतात, पिकावरची कीड घालवायला. हे दृश्य टिपायला बेटाबाहेरून ट्रायपॉडवाले येतात. मी मुलांच्या बरोबर चालते, कारण त्यातली निम्मी माझ्या वर्गातली असतात आणि त्यांच्या आयांना नंतर माझ्याकडूनच फोटो हवे असतात.

हे फोटो पोचवणं हा माझ्या दिनक्रमाचा मोठा भाग आहे. कोनबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या, कॉपी मशीनवर एल साइझची प्रिंट निघते, 89 × 127 मिमी. कामावरून परतताना प्रिंट काढायच्या, पाकिटात घालायच्या आणि घरोघरी द्यायच्या. दोन दिवसांनी दारात संत्र्यांची पिशवी नाहीतर ऑलिव्हची बरणी ठेवलेली असते. (बेटावर ऑलिव्हची लागवड 1908 पासून आहे, त्यामुळे बरण्यांना तोटा नाही.) घेतल्याची परतफेड करायचीच हा इथला रिवाज, मग मी पुन्हा फोटो देते, आणि हे चालूच राहतं.

असंच एकदा शेजारच्या आजींनी विचारलं, माझा 'इएइ' काढशील का? अंत्यविधीच्या वेळी वेदीवर जो फोटो ठेवतात तो. जपानमध्ये बरेच वयस्कर लोक तो आधीच काढून ठेवतात. मुलगा ओसाकात, सून नोकरीची, त्यांना ऐनवेळी जुन्या सहलीच्या ग्रुप फोटोतून डोकं कापून घ्यायला लागू नये, असं आजींचं म्हणणं. त्यांनी राखाडी जॅकेट घातलं, कॉलरला मोत्याची पिन लावली आणि ती पिन सरळ आहे ना हे मला तीनतीनदा बघायला लावलं. उत्तरेच्या खिडकीपाशी बसवलं, समोरून पांढरी चादर धरली म्हणजे डोळ्यांखालच्या सावल्या मऊ होतात. चादर धरायला त्यांच्या मैत्रीण आल्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात माझा." आजी मोकळ्या हसल्या आणि तोच फोटो त्यांनी निवडला, दात दिसतात तो. आता मला बऱ्याच घरांतून बोलावणं येतं. इतकं जबाबदारीचं काम मी कॅमेऱ्याने दुसरं कुठलंच केलेलं नाही.

आता तुम्ही लिहा.

रिशिरी, होक्काइदो

ताई, सोमेनचं वाचून राहवलं नाही. मी दुसऱ्या टोकाला होतो, वाक्कानाईहून फेरीने पावणेदोन तासांवर. 1721 मीटरचा एकच डोंगर समुद्रातून वर आलेला आणि त्याच्या पायाशी वाड्या. 'शिरोई कोइबितो' बिस्किटांच्या पाकिटावर जो बर्फाचा डोंगर असतो तो हाच.

विद्यापीठाच्या सुट्टीत कोम्बू, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, वाळवायच्या कामावर गेलो होतो, नंतरही उन्हाळ्यात जात राहिलो. जुलैत तिथे चारच्या आत उजाडतं. समुद्र शांत असला आणि दिवसभर ऊन राहील असं वाटलं तरच त्या दिवशी कोम्बू काढायची परवानगी मिळते. बोटी भरून आल्या की सगळं घर, शेजारपाजार आणि आमच्यासारखी रोजंदारीची माणसं गोट्यांच्या अंगणात पानं अंथरतात. एक पान माणसाएवढं सहज असतं. सरळ, न दुमडता, एकावर एक न चढवता. त्याच दिवशी वाळलं पाहिजे, पाऊस लागला की प्रत घसरली. क्योतोच्या जुन्या उपाहारगृहांत रिशिरीचाच कोम्बू मागतात, तेव्हा प्रत म्हणजे घराचं वर्षभराचं उत्पन्न.

उत्तम उजेडाची वेळ आणि कामाची वेळ एकच. हात चिकट, खारट, बुळबुळीत. कॅमेरा खोक्यात ठेवलेला. मालकांनी पहिल्या वर्षी एकदाही फोटो काढायला नको म्हटलं नाही, पण मीच काढले नाहीत, कारण माझ्या बाजूची रांग मागे पडली असती. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या घरच्या काकू न्याहारीच्या वेळी म्हणाल्या, "आज माझी रांग तू नको बघू, मलाच बघ." तेव्हा काढले. गुडघ्यावर बसून पान उलटताना त्यांची बोटं कडेवरून कशी फिरतात, एवढंच. त्यांच्या घरी ते आता कोम्बूच्या गठ्ठ्यांवर लावायच्या माहितीपत्रकात छापले जातात. मला दरवर्षी एक गठ्ठा येतो.

डोंगराचे म्हणाल तर माझ्याकडे मोजकेच आहेत. तो बहुतेक वेळा ढगात असतो.

आओशिमा, एहिमे

मी तिथे राहिलो नाही, समोरच्या किनाऱ्यावर, ओझुत राहायचो. मांजरांचं बेट म्हणून आओशिमा जगभर गाजलं, म्हणून लिहितो. नागाहामा बंदरातून छोटी बोट जाते, दिवसाला दोन फेऱ्या. वारा वाढला की बंद. बेटावर दुकान नाही, पेयांचं यंत्रसुद्धा नाही. पाणी, डबा, कचऱ्याची पिशवी सगळं आपलं.

माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि सगळी वयस्कर. 2018 मध्ये मांजरांची नसबंदी झाली, त्यामुळे पिल्लं नाहीत आणि असलेली मांजरं म्हातारी होत चालली आहेत. शेवटी शेवटी मी मांजरांचे फोटो काढणं सोडून बंद घरांचे काढायला लागलो. दारावरची नावाची पाटी, मीटर, वाळत घालायची काठी. गंमत म्हणून कोणी जात असाल तर जा, पण रहिवाशांच्या अंगणात शिरू नका.

हातेरुमा, ओकिनावा

जपानचं वस्ती असलेलं सर्वांत दक्षिणेचं बेट. इशिगाकीहून बोट. हिवाळ्यात ती इतक्यांदा रद्द होते की बाहेरची तारीख कोणाला द्यायचीच नाही हे आपोआप अंगवळणी पडतं. मी एका मिन्शुकूत, म्हणजे घरगुती खाणावळ-निवासात काम करत होते. सकाळी अंथरुणं, दुपारी मोकळी, रात्री आकाश.

इथे लोक येतात ते त्रिशंकू (सदर्न क्रॉस) या तारकासमूहाचे चार तारे बघायला, कारण जपानच्या मुख्य भूमीवरून ते पूर्ण दिसत नाहीत. हातेरुमा 24 अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे खालचा तारा क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर येतो. तोही समुद्रावर धुकं नसेल तर. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे तोच तारा अकरा अंशांवर येतो. तोक्योहून आलेले काका त्या तीन अंशांसाठी रात्रभर ट्रायपॉडपाशी उभे राहिलेले मी पाहिलेत. त्यांना चहा नेऊन देताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तो तारा लहानपणापासून अंगणातून बघितला होता, पण थांबून कधी बघितला नव्हता.

उताकीबद्दल मात्र लिहायलाच हवं. गावातली पवित्र राई. पाटी असेल-नसेल, आत जायचं नाही, बाहेरूनही कॅमेरा रोखायचा नाही. ओकिनावात याचा फार विचार झालेला आहे. हिगा यासुओ आधी पोलिसात होते, नोकरी सोडून फोटोग्राफर झाले. कुदाका बेटावरचा इझाइहो हा बायकांचा विधी त्यांनी 1978 मध्ये टिपला. विधी बारा वर्षांनी एकदा. 1990 मध्ये दीक्षा घ्यायला बायकाच उरल्या नव्हत्या म्हणून तो झाला नाही, नंतरही झालेला नाही. हिगांचे फोटो आज बघायला मिळतात ते तिथल्या देवकार्य करणाऱ्या बायकांनी त्यांना वर्षानुवर्षं जवळ येऊ दिलं म्हणून. कोकणातल्या देवरायांत मोबाईल उंचावून हिंडणाऱ्यांना मला हे नेहमी सांगावंसं वाटतं.

सुओ-ओशिमा, यामागुची

मी घरून काम करणारा संगणकवाला. ओस पडलेलं घर, इथे 'आकिया' म्हणतात, स्वस्तात भाड्याने घेऊन राहतो. बेटाला 1976 पासून पूल आहे, त्यामुळे बोटीची काळजी नाही. पण तरुण माणसं त्याच पुलावरून गेली.

इथे राहायला आलो तो मियामोतो त्सुनेइची यांच्यामुळे. 1907 मध्ये याच बेटावर जन्मलेले लोकसंस्कृतीचे अभ्यासक. उभा जपान पायी हिंडले आणि सुमारे एक लाख फोटो मागे ठेवून 1981 मध्ये गेले. फोटो इथल्या सांस्कृतिक केंद्रात आहेत. 1953 चा बेटांच्या विकासाचा कायदा झाला त्यासाठी खटपट करणाऱ्यांतही ते होते. साठच्या दशकात त्यांच्या हातात असायचा तो ओलिंपस पेन, छोटासा हाफ-फ्रेम कॅमेरा. 36 च्या रोलवर 72 फोटो, म्हणजे ज्याला खूप टिपायचंय आणि पैसे जपायचेत त्याच्यासाठीच.

त्यांचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा वाटलं, यात काय आहे? दोरीवरचे कपडे, धक्क्यावरची खोकी, बोटीची वाट बघणारी माणसं, डोंगरावर किती उंचीपर्यंत शेत आहे ते. रचना बेतलेली नाही, क्षितिज तिरकं. मग इथल्या एका आजोबांबरोबर ते चाळले. त्यांनी कपड्यांच्या दोरीवरून सांगितलं की या घरात त्या वर्षी तान्हं मूल होतं, आणि दगडी बांधावरून सांगितलं की संत्र्यांआधी इथे रताळी होती. तेव्हापासून मीही तसंच काढतो. तेच वळण, तोच धक्का, तीच बंद शाळा, दर महिन्याला. मागे तारीख आणि वाडीचं नाव लिहितो. हे फोटो कोणाला दाखवले तर लाइक मिळत नाहीत, पण मला ते आज माझ्या सूर्यास्तांपेक्षा मोलाचे वाटतात.

घर साफ करताना कपाटात अल्बम सापडले. या बेटावरून 1885 पासून पुष्कळ लोक हवाईला उसाच्या मळ्यांवर गेले. त्या काळच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले स्टुडिओतले फोटो: सूट घातलेला तरुण, हात खुर्चीवर. घराच्या मालकांना अल्बम नको होते, जागा नाही म्हणाले. मी एकेक फोटो खिडकीच्या उजेडात कॅमेऱ्याने टिपला, मागची अक्षरंही टिपली, आणि अल्बम इथल्या स्थलांतरितांच्या संग्रहालयात नेऊन दिले. तिथल्या बाईंनी आडनाव वाचलं आणि आणखी दोन घरांचा पत्ता दिला, जिथे कपाटं अजून उघडलेली नाहीत. सध्या शनिवार-रविवार त्यातच जातात.

शोदोशिमावरून पुन्हा

काय सुंदर लिहिलंत सगळ्यांनी! सुओ-ओशिमाचे दादा, हवाईच्या फोटोंच्या मागची अक्षरं टिपलीत हे वाचून फार बरं वाटलं. सगळे पुढची बाजूच टिपतात.

हौशी माणसाने मन लहान करायचं नाही, यासाठी आमच्या समुद्राचं एक नाव सांगते. मिदोरिकावा योइची, 1915 ते 2001. सेतो समुद्राचे रंगीत फोटो म्हटलं की पहिलं नाव त्यांचं, आणि पेशाने ते ओकायामातले दातांचे डॉक्टर.

दमटपणा, खारा वारा आणि परवानगी यांबद्दल दोघींनी निरोपात विचारलंय, त्याचं उत्तर. दमटपणासाठी ड्राय कॅबिनेट घ्याच, मी आतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवते. पावसाळी महिन्यात उघड्या कपाटातल्या लेन्सला बुरशी लागतेच. खारा वारा लागलेला कॅमेरा घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाने पुसा, मग कोरड्याने. परवानगीचं विचाराल तर मी आधी नमस्कार करते, कोणत्या शाळेत शिकवते ते सांगते आणि मगच कॅमेरा पिशवीतून बाहेर काढते.

ऑक्टोबरात इथे ढोलांचे उत्सव असतात, खांद्यावर मोठाले ताइको घेऊन गावंच्या गावं रस्त्यावर येतात. कोणी येणार असाल तर आधी कळवा. वसंतात धुक्याने फेऱ्या बंद पडतात, ऑक्टोबरात मात्र वादळाकडे लक्ष ठेवा आणि परतीच्या आदल्या दिवशी कसलंही काम ठेवू नका. आणि सादो, त्सुशिमा, याकुशिमाकडचं कोणी असेल तर अजून जागा आहे, लिहा.