प्रतिसाद : रहस्य आधीच उघड करावे

वसतिगृहातला एक मुलगा बेपत्ता होतो आणि त्याला शोधणारा खोलीतला मित्रच खुनी असल्याचे अगदी शेवटी कळते, ही आपली चित्रपटासाठीची कथाकल्पना मला आवडली. मात्र हे रहस्य शेवटपर्यंत दडवू नये, असे मनापासून वाटते. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का बसतो, पण तो तिथे आहे हे आधीच ठाऊक असेल तर १५ मिनिटे ताण टिकतो, असे रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना समजावले होते. म्हणून दुसऱ्याच मिनिटाला मित्राच्या कपाटात बेपत्ता मुलाचा चष्मा दाखवावा, आणि पुढे त्याच कपाटाला पाठ टेकून तो वॉर्डनच्या प्रश्नांना उत्तरे देत असताना कॅमेरा मुळीच हलवू नये. पोलिसांचा प्रसंग वगळल्यास चित्रीकरणही एकाच खोलीत उरकेल.