लेअर शेडची साल्मोनेला तपासणी: अंडी पाठवायची की विष्ठा?

शेड_नंबर_दोन

नमस्कार मंडळी. दोन शेड, प्रत्येकी 6,000 लेअर (अंड्यांच्या कोंबड्या), उंचावरचे पायरीचे पिंजरे, खाली खताचा खड्डा. विष्ठा बाहेर काढणारा बेल्ट किंवा स्क्रॅपर नाही. पक्षी 31 आठवड्यांचे, उत्पादन चांगलं, मरतुक नेहमीइतकीच. खाद्य आमच्याच मिलचं, मॅश (नुसतं दळलेलं). एका बेकरीने साल्मोनेलाचा (अंड्यांतून माणसाला विषबाधा करणाऱ्या जंतूचा) रिपोर्ट मागितल्यापासून दर महिन्याला 12 अंडी प्रयोगशाळेत जातात आणि दर वेळी 'आढळला नाही' असं येतं. या रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा? आणि पुलोरम रोगाची रक्ताची प्लेट टेस्ट सगळी निगेटिव्ह असेल, तर वेगळी तपासणी हवी का?

पशुवैद्य_लेअर

दादा, 12 अंड्यांच्या रिपोर्टवर कळपाबद्दल काहीच म्हणता येत नाही. कळपात साल्मोनेला एन्टेरिटिडिस (अंड्यात शिरणारा प्रकार) असला तरी बाधित अंडी फार थोडी आणि अधूनमधून येतात. समजा हजारात एक अंडं बाधित आहे, तर 12 अंड्यांत ते सापडण्याची शक्यता जेमतेम सव्वा टक्का. बेकरीला कागद मिळतो, पण शेडमध्ये काय आहे ते कळत नाही. तपासायची ती विष्ठा आणि धूळ.

तुमच्यासारख्या बिनबेल्टच्या शेडसाठी युरोपीय संघाच्या 517/2011 या नियमात सरळ पद्धत दिली आहे, ती इथेही जशीच्या तशी वापरता येते. पिंजऱ्यांखालच्या 60 वेगवेगळ्या जागांवरून ताजी विष्ठा घ्यायची, प्रत्येकी 150 ग्रॅमचे दोन नमुने. म्हणजे जागेमागे 5 ग्रॅम, एक लहान चमचा. 60 का, तर 5 टक्के विष्ठेत जंतू असेल तर 60 जागांत निदान एक तरी बाधित जागा सापडण्याची शक्यता 95 टक्के होते. दहा जागांवर भागवलं तर ती 40 टक्क्यांवर येते.

'ताजी' हा शब्द मनावर घ्या. खड्ड्यातलं जुनं खत उकरून पाठवू नका. आदल्या संध्याकाळी प्रत्येक रांगेखाली स्वच्छ प्लास्टिक अंथरा आणि सकाळी त्यावरून गोळा करा. नेहमीच्या विष्ठेवर पांढरी टोपी असते. तिच्यात मधूनच चॉकलेटी, चिकट, जरा फेसाळ आणि जास्त वास मारणारी विष्ठा दिसते, ती अंधांत्रातली, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या पिशव्यांतली. साल्मोनेलाचं ठाण अंधांत्रातच असतं, म्हणून अशी विष्ठा नमुन्यात आलीच पाहिजे. स्वच्छ दिसावं म्हणून तीच टाळली जाते.

याशिवाय पंखे, पिंजऱ्याच्या पट्ट्या आणि खाद्याच्या पन्हळीखालून 100 ग्रॅम धूळ घ्या. पक्षी मधूनमधूनच जंतू टाकतात, धुळीत मात्र तो महिनोन्महिने टिकतो.

पहिली तपासणी 24 आठवड्यांच्या आसपास, नंतर दर 15 आठवड्यांनी. तुमची पहिली फेरी हुकली आहे, ती आताच करा. दोन शेडचे नमुने एकत्र करू नका. पुढच्या लॉटच्या वेळी पिल्लं येतील तेव्हा खोक्यातले कागदही पाठवा, आणि लेअर शेडमध्ये हलवण्याच्या दोन आठवडे आधी तलंगांची (अजून अंडी न देणाऱ्या कोंबड्यांची) विष्ठा.

प्लेट टेस्टचं म्हणाल तर ती पुलोरम आणि गॅलिनेरम या साल्मोनेलाच्या दोन प्रकारांसाठी आहे. हे दोन कोंबडीला मारतात, माणसाला सहसा त्रास देत नाहीत. एन्टेरिटिडिसचे ओ-प्रतिजन (जंतूच्या पृष्ठभागावरच्या खुणा) त्यांच्यासारखेच असल्याने काही पक्षी प्लेटवर पॉझिटिव्ह येतील, पण टायफिम्युरियम हा माणसाला त्रास देणारा दुसरा प्रकार तिथे विश्वासाने पकडता येत नाही. ती टेस्ट ब्रीडर (पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या) कळपात हवीच. बेकरीच्या प्रश्नाला मात्र ती उत्तर देत नाही.

बेंच_नंबर_चार

नमुना गोळा झाल्यावर काय बिघडतं ते सांगतो, कारण चांगला नमुना वाटेतच वाया जाताना आम्हाला प्रयोगशाळेत रोज दिसतो.

निर्जंतुक रुंद तोंडाचा डबा, वर शेड क्रमांक, पक्ष्यांचं वय, तारीख आणि वेळ. नमुना 24 तासांत पाठवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. गोठवू मात्र नका, बर्फाचा थेट स्पर्शही नको. वाटेत 25 अंशांच्या वर आणि उन्हात नमुना राहता कामा नये. एप्रिलमध्ये एसटीच्या पार्सलने साध्या पिशवीत पाठवलेल्या विष्ठेत इतर जंतू इतके वाढतात की साल्मोनेला त्यांच्याखाली दबून जातो. नमुना घेतल्यापासून चार दिवसांच्या आत तपासणी सुरू झालीच पाहिजे.

प्रयोगशाळेला विचारा, पद्धत आयएसओ 6579-1 (साल्मोनेला शोधायची आंतरराष्ट्रीय पद्धत) आहे का? तिच्यात नीट मिसळलेल्या नमुन्यातून 25 ग्रॅम घेऊन 225 मिली बफर्ड पेप्टोन वॉटर या पोषक द्रावणात 37 अंशांवर 18 तास ठेवतात. इथे अर्धमेले जंतू सावरतात. हा टप्पा गाळून थेट प्लेटवर रेघा ओढणाऱ्या रिपोर्टला किंमत देऊ नका. पुढे विष्ठेसाठी एमएसआरव्ही हे निमघट्ट माध्यम: तीन थेंब, मिळून 0.1 मिली, 41.5 अंश, 24 तासांनी बघायचं आणि काही नसेल तर आणखी 24 तास. साल्मोनेला पोहत पसरतो आणि थेंबाभोवती दुधाळ करडं वलय दिसतं. नमुना वलयाच्या बाहेरच्या कडेवरून उचलायचा, मधून नाही. ही प्लेट इतर प्लेटांसारखी उलटी ठेवायची नाही. उलटी ठेवली की माध्यम घसरतं आणि वलय वाचता येत नाही. मग एक्सएलडी या माध्यमाच्या प्लेटवर लाल वसाहत, मधोमध काळा ठिपका. काळेपणा प्रोटियस हा दुसरा जंतूही दाखवतो, म्हणून युरिया आणि टीएसआय या चाचण्या आणि शेवटी जंतूचा प्रकार ओळखणारं प्रतिसीरम हवंच.

हिशेब केला तर निगेटिव्हलाच तीन ते चार दिवस लागतात. कल्चरचा (जंतू वाढवून बघण्याचा) रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात आला, तर कोणता टप्पा गाळला ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पशुवैद्य डॉक्टरांच्या मुद्द्याला एक जोड. गॅलिनेरम आणि पुलोरमला शेपटीच नसते, ते पोहत नाहीत. म्हणून एमएसआरव्ही निगेटिव्ह आलं तरी हे दोन नाहीत असं म्हणता येत नाही. मरतुक वाढली, यकृत तांब्यासारखं हिरवट-तपकिरी दिसलं, तर विष्ठा नको. ताज्या मेलेल्या पक्ष्याचं यकृत, प्लीहा, बीजकोश आणि हाडातला मगज पाठवा आणि अर्जावर तसं स्पष्ट लिहा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे आधी बोलून घ्या.

शेड_नंबर_दोन

डॉक्टर, साहेब, मनापासून आभार. अर्धी उत्तरं पहिल्यांदाच कळली. दोन शंका. सर्दीसाठी पाण्यातून पाच दिवस प्रतिजैविक दिलं, ते परवाच संपलं. शिवाय खाद्यात फॉर्मिक-प्रोपिऑनिक आम्ल चालू आहे. याने रिपोर्ट बदलेल का?

बेंच_नंबर_चार

दोन्हींनी बदलतो. प्रतिजैविकाने जंतूंची संख्या इतकी खाली जाते की कल्चरमध्ये येत नाही, औषध थांबलं की पुन्हा वर येते. निदान दोन आठवडे थांबा आणि अर्जावर औषधाचं नाव व शेवटची तारीख लिहा. जिवंत लस दिली असेल तर तेही लिहा, नाहीतर लसीचाच जंतू सापडून घबराट होईल.

आम्लाचा घोटाळा खाद्याच्या नमुन्यात होतो. 25 ग्रॅम आम्लयुक्त खाद्य पडलं की पेप्टोन वॉटरचा सामू (पीएच) 7 वरून खाली येतो. जंतू मेलेला नसतो, नुसता वाढत नाही. मिसळल्यावर सामू मोजून तो 7 वर आणायला सांगा.

खाद्य_मिल_फोरमन

मॅश खाद्य आहे म्हणता, तर तुमच्या मिलमध्ये जंतू मारणारी पायरीच नाही. पेलेट म्हणजे दाबून केलेल्या गोळी खाद्याला निदान 80 अंशांची वाफ मिळते. मॅशमध्ये कच्च्या मालात आलं ते थेट पन्हळीत जातं. म्हणून तयार खाद्याच्या पोत्यातून 25 ग्रॅम तपासून समाधान मानू नका, साल्मोनेला खाद्यात सारखा पसरलेला नसतो. हातात मोजकेच नमुने असतील तर ते धुळीवर खर्च करा: कच्चा माल उतरवायचा खड्डा, बादली-एलिव्हेटरचा तळ, मिक्सरच्या झाकणाची आतली बाजू, चाळणीखालचा भुसा. मासळीची पूड आणि पेंडी आधी पाठवा, मका नंतर. पेंड कारखान्यात तापलेली असते खरी, पण थंड होताना आणि उघड्या गोदामात ती पुन्हा बाधित होते.

एलिव्हेटरच्या तळाशी ओल धरली की ते ठिकाण कायमचं घर होतं. तिथे पाणी मारून धुऊ नका. खरवडा, व्हॅक्यूमने ओढा, कोरडं ठेवा. आणि गोदामातल्या उंदरांच्या लेंड्या वेगळ्या डब्यात पाठवा. उंदीर जंतू नुसता वाहून नेत नाही, त्याच्या आतड्यात तो वाढतो. रिकाम्या शेडमध्ये उरलेले उंदीर नव्या लॉटला तोच जंतू परत देतात.

पशुवैद्य_लेअर

पॉझिटिव्ह आलं तर काय, हे आताच ठरवून ठेवा, कारण त्या दिवशी घाईत चुकीचे निर्णय होतात. निगेटिव्ह येईपर्यंत नमुने पाठवत राहणं ही सगळ्यात मोठी चूक. साठपैकी एकाच जागेत जंतू असेल तर दुसरी फेरी सहज निगेटिव्ह येऊ शकते. पहिला पॉझिटिव्ह खरा धरा.

जंतूचा प्रकार काढा. नुसतं 'गट डी' लिहून आलं तर एन्टेरिटिडिसही असू शकतो आणि गॅलिनेरमही, दोघांचा ओ-9 हा प्रतिजन एकच. चलनशीलता (जंतू पोहतो का) आणि एच-प्रतिजन (शेपटीवरच्या खुणा) बघितल्यावरच निकाल लागतो. प्रयोगशाळेत ती सोय नसेल तर जंतू पुढे पाठवायला सांगा. कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत साल्मोनेलाचं राष्ट्रीय केंद्र आहे.

एन्टेरिटिडिस किंवा टायफिम्युरियम ठरला, तर त्या शेडची अंडी कच्ची किंवा अर्धकच्ची वापरली जातील अशा ठिकाणी जाऊ देऊ नका. बेकरीला स्पष्ट सांगा. केकमध्ये अंडं पूर्ण भाजलं जातं, पण मूस, आयसिंग आणि मेयोनीजमध्ये नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने 2024 मध्ये वर्षभराची बंदी घातली, ती याच धोक्यामुळे. अंडी धुऊन हा प्रश्न सुटत नाही. एन्टेरिटिडिस बीजकोशातून, कवच बनण्याआधीच आत गेलेला असतो. कोमट अंड्यावर गार पाणी पडलं तर कवचावरचं उरलंसुरलंही छिद्रांतून आत ओढलं जातं.

प्रतिजैविकाने कळप साफ करायचा मोह होईल, करू नका. जंतू दबतो, जात नाही, अंड्यात औषधाचे अंश येतात आणि प्रतिरोध वाढतो. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या कोंबड्यांमधल्या वापरावर तर 2019 पासून देशात बंदीच आहे.

त्या शेडचं काम दिवसात शेवटी करा. बूट, फावडं, मजूर वेगळे. कागदी ट्रे परत घेऊ नका. लॉट गेल्यावर आधी खत काढा, धूळ झाडा, मग डिटर्जंट, मग पाणी, पूर्ण कोरडं आणि त्यानंतरच फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लुटाराल्डिहाइडचं औषध, लेबलवरच्या प्रमाणात, मास्क लावून. शेणकटलेल्या लोखंडावर मारलेलं औषध वाया जातं. ओल्या शेडवर मारलं तर ते पातळ होतं आणि उरलेला जंतू पाण्याबरोबर कानाकोपऱ्यात पसरतो. वाळल्यावर पन्हळीचे सांधे, निपलखालचे कप, पंख्याची पाती, फरशीच्या भेगा आणि उंदरांच्या वाटा अशा 25-30 ठिकाणांचे स्वॅब घ्या, औषधाचा परिणाम थांबवणाऱ्या द्रावणात भिजवून. ते निगेटिव्ह आल्याशिवाय नवे पक्षी आणू नका.

शेड_नंबर_दोन

ठरलं. औषध संपून दोन आठवडे झाले की दोन्ही शेडची विष्ठा आणि धूळ वेगवेगळी, मिलच्या एलिव्हेटरचा तळ आणि गोदामातल्या लेंड्या. बेकरीच्या मालकांशी आइसिंगबद्दल उद्याच बोलतो. रिपोर्ट आला की प्रकारासकट इथेच टाकीन.