मदत हवी आहे: फोटोत पंख्याची पाती वाकडी कशी आणायची?

कवडसा
नमस्कार. घाईत विचारतोय, कारण परवा संध्याकाळी दाखवायचंय.
आठवी-नववीच्या मुलांसाठी तासाभराचा कार्यक्रम करतोय: नेटवर सापडलेले गमतीदार फोटो आणि ते तसे का येतात. दोन डोक्यांचं मांजर, विमानाच्या पंख्याची विळ्यासारखी वाकलेली पाती, त्यातलं एखादं तर मुळापासून सुटून हवेत, असं बरंच जमवलंय. पण नुसतं नेटवरचं दाखवलं की मुलं लगेच म्हणतात, "एडिट केलंय". म्हणून विळ्याच्या पात्यांचा फोटो स्वतः काढायचाय.
दोन दिवस छताच्या पंख्याच्या मागे आहे, शंभरेक फोटो झाले असतील. पाती सरळच येतात. शटरचा (उजेड आत सोडणाऱ्या झडपेचा) वेग वाढवला की फोटो खालून अर्धा काळा. पंखा पाचवर ठेवलाय. काय चुकतंय? लवकर सांगा.

टिपकागद
कॅमेरा कोणता? शटर किती? उजेड कसला? एक फोटो इथे टाका. एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही.

तिसरा_डोळा
कशाला एवढा खटाटोप? फोटोशॉपमध्ये पंखा सिलेक्ट करा, ट्वर्ल फिल्टर लावा. दोन मिनिटांचं काम. मी असे कितीतरी केलेत, कुणाला कळतही नाही.

कवडसा
@तिसरा_डोळा, "एडिट केलंय" हेच तर मुलांना म्हणू द्यायचं नाहीये. एडिट न करताच हवंय.

रानवारा
ही चाकं उलटी फिरताना दिसतात तीच गंमत आहे. शटरचा काही संबंध नाही, सगळा खेळ फ्रेम रेटचा, म्हणजे व्हिडिओत सेकंदाला किती चित्रं टिपली जातात त्याचा. तीन पात्यांचा पंखा सेकंदाला १० फेरे मारत असेल तर ३० फ्रेमच्या व्हिडिओत तो जागच्या जागी थांबलेला दिसतो, कारण दर फ्रेमला बरोबर एक पातं पुढच्या पात्याच्या जागी येतं. व्हिडिओ काढा, काम होईल.

टिपकागद
रानवारा, गणित बरोबर आहे, पण ते पंखा थांबलेला दिसण्याचं. पातं *वाकडं* दिसण्याचं कारण वेगळं. फोनचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) सगळी चौकट एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पातं पुढे सरकलेलं असतं, म्हणून वाकतं. याला रोलिंग शटर म्हणतात. यात एकच फोटो पुरतो, व्हिडिओ लागत नाही.

रानवारा
मी स्वतः व्हिडिओत पाती वाकलेली पाहिली आहेत.

टिपकागद
दिसणारच, कारण व्हिडिओची प्रत्येक फ्रेमही ओळीओळीनेच वाचली जाते. दोन्ही गोष्टी एकाच व्हिडिओत येतात, म्हणून एकच वाटतात.

घरचा_वायरमन
पंखा पाचवर असून हळू फिरत असेल तर बहुतेक कपॅसिटर गेलाय. मेन स्विच बंद करून बदलून घ्या. माझ्याकडचा असाच रडत होता, बदलल्यावर वाऱ्यासारखा धावला.

कवडसा
पंखा हळू फिरतो असं मी कुठे म्हटलं? पंखा ठणठणीत आहे.
कॅमेरा डीएसएलआर आहे, चांगला आहे. शटर १/२०० सेकंदापासून १/२००० पर्यंत सगळं करून पाहिलं. फोटो घरातच काढतोय.

जुनी_पेटी
धागा वाचून राहवलं नाही. ही गंमत डिजिटलच्या कितीतरी आधीची आहे. फ्रेंच छायाचित्रकार झाक-आंरी लार्तीग यांचा १९१० च्या दशकातला शर्यतीच्या गाडीचा फोटो शोधून बघा. गाडीचं चाक अंडाकृती, पुढे झुकलेलं, आणि मागे उभे प्रेक्षक उलट्या बाजूला कललेले! त्या कॅमेऱ्याच्या शटरला फट होती, ती फोटो उमटणाऱ्या काचेवरून सरकत जायची. लार्तीग गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होते, पण गाडीचा वेग त्याहून जास्त. म्हणून गाडी एकीकडे झुकली आणि लोक दुसरीकडे. मुलांना हा फोटो आधी दाखवा. तेव्हा एडिटिंगचं सॉफ्टवेअर नव्हतं, एवढं एक वाक्य पुरे.

कवडसा
हा नक्की घेतो, मनापासून आभार. पण माझा प्रश्न तिथेच आहे.

टिपकागद
थांबा. "खालून अर्धा काळा" हे आत्ता नीट वाचलं. तुम्ही फ्लॅश लावताय का?

कवडसा
हो, लावावाच लागतो. खोलीत अंधार असतो. बाहेरचा फ्लॅश आहे, ट्रिगरवर. त्याचं काय?

टिपकागद
सगळं तिथेच आहे! हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.
तुमच्या कॅमेऱ्याला दोन पडदे आहेत. १/२०० च्या आसपास पूर्ण सेन्सर एका क्षणी उघडा असतो आणि नेमका तेव्हा फ्लॅश पडतो. फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की पातं जागच्या जागी गोठतं, म्हणून सरळ. वेग वाढवला की दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ निघतो, उघडी राहते फक्त एक फट. फ्लॅश पडतो तेव्हा अर्धा सेन्सर झाकलेला असतो. तोच तुमचा काळा भाग.
फ्लॅश काढलात तरी या कॅमेऱ्याने फार वाकणार नाही. छताचा पंखा मिनिटाला ३०० फेरे धरा, म्हणजे सेकंदाला ५. फट सेन्सर ओलांडायला १/२५० सेकंद घेते असं धरलं तर तेवढ्यात पातं जेमतेम सात अंश फिरतं. फोनला ओळी वाचायला १/४० लागला तर तोच पंखा ४५ अंश फिरतो. आणि मिनिटाला १२०० फेरे मारणारा टेबल फॅन असेल तर अर्धा फेरा!
तेव्हा फोन घ्या, टेबल फॅन घ्या आणि उन्हात जा.

रानवारा
+१. हे मला माहीत नव्हतं. माझा फ्रेम रेटचा मुद्दा इथे लागू नाही, मान्य.

अक्षर_अक्षर
उन्हात शटर ऑटोवर सोडू नका. फोनच्या कॅमेऱ्यात मॅन्युअल नसेल तर अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप घ्या. फोन साथ देत असेल तर त्यात शटर हाताने ठरवता येतं. १/२००० किंवा त्याहून वेगवान ठेवा, नाहीतर पाती वाकतील पण धुरकट. एलईडी दिव्याखाली काढू नका. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि आडवे पट्टे येतात.

गोगलगाय
अवांतर: गुगल मॅप्सच्या उपग्रह फोटोत उडती विमानं शोधा. शेजारी शेजारी तांबडं, हिरवं, निळं अशी विमानाची भुतं दिसतात. उपग्रह रंग वेगवेगळ्या क्षणी टिपतो आणि तोवर विमान पुढे गेलेलं असतं. माझी मुलगी तासभर हेच शोधत बसली होती. दोन डोक्यांचं मांजरही असंच: फोनच्या पॅनोरमात मांजरानं मध्येच मान फिरवली की झालं.

तिसरा_डोळा
पॅनोरमात मुलांनाच उभं करा. फोन पुढे सरकला की मुलाने त्याच्या मागून धावत पुढे जाऊन पुन्हा उभं राहायचं. एकाच फोटोत तोच मुलगा तीन ठिकाणी, फोटोशॉपशिवाय.

अक्षर_अक्षर
हे मस्त. आणि कवडसा, नेटवरून जमवलेल्या फोटोंचे मूळ मालक शोधा. गुगल लेन्स किंवा टिनआयवर फोटो टाकला की आधी कुठे आला होता ते बऱ्याचदा सापडतं. विकिमीडिया कॉमन्सवर रोलिंग शटरचे फोटो परवान्यासकट आहेत, ते छायाचित्रकाराच्या नावासह खुशाल दाखवा.

कवडसा
आला!!
गॅलरीत ऊन होतं, टेबल फॅन तिथेच लावला. फोनवर १/४०००. तिसऱ्याच फोटोत उजवीकडची पाती जाड, विळ्यासारखी, आणि डावीकडची काडीसारखी बारीक. तीनच पाती असून डावीकडे जास्त दिसतायत, त्यातलं एक मधल्या बोंडापासून सुटलेलं. पुतणी शेजारी उभी होती, तिने स्वतः बटण दाबलं, त्यामुळे एडिटचा प्रश्नच मिटला.
फक्त एक सांगा. फोन उभा धरला की जाड पाती उजवीकडे न येता वर येतात. असं का?

टिपकागद
फोन फिरवला की ओळी वाचण्याची दिशाही फिरते. पातं वाचनाच्या दिशेने चालतं तिथे ते ओळींबरोबर बराच वेळ सापडतं, म्हणून जाड. समोरून येतं तिथे झटकन निसटतं आणि मागचं पातं लगेच येतं, म्हणून बारीक आणि जास्त. मुलांना दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवा आणि फोन कसा धरला होता ते त्यांनाच ओळखायला सांगा.

कवडसा
दोन्ही प्रिंट काढतोय. लार्तीगचा फोटो पहिला.