10 वरून 5 सहज, पण 5 वरून शून्य का जमत नाही? (नैराश्यावरची गोळी एस्सिटालोप्राम बंद करताना)

प्रश्न
एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅम, सहा वर्षं रोज. मन बराच काळ स्थिर आहे, म्हणून डॉक्टरांशी बोलून बंद करायचं ठरलं. 10 वरून 5 वर येताना काही जाणवलं नाही. महिन्याभराने 5 वरून थेट शून्य केलं, तर तिसऱ्या दिवसापासून चक्कर, मळमळ, भलतीच स्वप्नं, आणि डोळे एका बाजूला वळवले की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं. आता परत 5 वर. दोन्ही वेळा कपात 5 चीच होती, मग दुसरीच का बाधली? आणि गोळीच 5 ची असेल तर त्याखाली जायचं कसं?

प्रतिसाद 1
मिलिग्रॅममध्ये सारखी दिसणारी कपात मेंदूच्या हिशेबात सारखी नसते. सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेश पोचवणारं रसायन परत शोषून घेणारे वाहक हे औषध अडवून धरतं. सिटालोप्राम या जवळच्या भावंड औषधाच्या 20 मिलिग्रॅमला सुमारे 80 टक्के वाहक अडतात, 9 ला 70, 5.4 ला 60, 2.3 ला 40 आणि 0.8 ला 20. एस्सिटालोप्रामसाठी ढोबळमानाने यातले मिलिग्रॅम निम्मे धरायचे. म्हणजे 10 वरून 5 ही 80 वरून 70 च्या आसपासची पायरी. 5 वरून शून्य म्हणजे उरलेला 70 टक्क्यांचा कडा एका उडीत.

होरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी 2019 मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात हेच मांडलं: डोस जितका खाली, तितकी कपात लहान हवी. ब्रिटनमधल्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शिकेतही कपात आधीच्या डोसच्या प्रमाणात करायला सांगितलं आहे.

डॉक्टरांपुढे ठेवायला एक आराखडा: 5, 3.7, 2.8, 2.1, 1.6, 1.2, 0.9, 0.7, 0.5, 0.4, 0.25, मग बंद. प्रत्येक टप्प्याला साधारण पाव हिस्सा कमी, आणि टप्प्यावर दोन ते चार आठवडे मुक्काम. पाव हिस्सा झेपला नाही तर दहावा हिस्सा. तारीख आली म्हणून पुढे सरकू नका, आधीचा त्रास शमला की सरका. या गतीने पाच ते दहा महिने लागतात आणि सहा वर्षांच्या गोळीसाठी ते जास्त नाहीत.

एक दिवसाआड गोळी घेऊन कमी करू नका. हे औषध साधारण तीस तासांत रक्तात निम्मं होतं, त्यामुळे पातळी रोज वरखाली हेलकावत राहते.

प्रतिसाद 2
मोजण्याबद्दल. द्रवरूप औषध किंवा थेंब मिळत असतील तर तेच घ्या, पण एका थेंबात किती मिलिग्रॅम ते बाटलीवर वाचून घ्या, कंपनीगणिक फरक असतो.

नसेल तर फार्मासिस्टला विचारून साधी गोळी पाण्यात कालवता येते. 5 ची गोळी बारीक करून 10 मिली पाण्यात टाकली की 1 मिलीत अर्धा मिलिग्रॅम. 2.1 हवे असतील तर 4.2 मिली, 0.9 ला 1.8 मिली. सुई नसलेली, खुणा असलेली सिरिंज वापरा. चमच्याने अंदाज चुकतो. गोळीतला काही भाग विरघळत नाही, तळाशी बसतो, म्हणून जोरात हलवून त्याच क्षणी ओढून घ्या. उरलेलं फेकून द्या, मिश्रण रोज ताजं करा.

ही रीत फक्त साध्या गोळीसाठी. औषध हळूहळू सोडणारी गोळी कधीही कुटायची नाही, सगळा डोस एकदम सुटतो.

प्रश्नकर्ता
धन्यवाद, सोमवारी डॉक्टरांना दाखवतो. मध्येच रडू येणं, चिडचिड सुरू झाली तर नैराश्य परतलं असं समजायचं का?

प्रतिसाद 3
वेळ बघा. कपातीनंतर काही दिवसांत सुरू झालं, सोबत चक्कर, झटके, मळमळ अशी मूळ आजारात नसलेली लक्षणं आहेत, काही दिवस बरे काही वाईट अशा लाटा येतात, आणि आधीच्या डोसवर गेल्यावर थोड्याच दिवसांत उतरतं, तर तो बहुधा औषध कमी केल्याचा परिणाम. नैराश्य सहसा आठवड्या-महिन्यांनी हळूहळू दाटत येतं. हा फरक न ओळखल्याने नवी गोळी सुरू होते किंवा डोस वाढतो, म्हणून रोजच्या दोन ओळी लिहून ठेवा: डोस, झोप, लक्षणं.

पण आजार परतण्याची शक्यताही खरी आहे. नैराश्यावरच्या गोळ्या बंद करण्याबद्दलच्या 2021 च्या अँटलर या वैद्यकीय चाचणीत वर्षभरात गोळी बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांना नैराश्य परतलं, चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना. घरच्या एकाला तरी कल्पना देऊन ठेवा. बदल त्यांना आधी दिसतो.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, एका जागी बसवेनाशी आतून होणारी तगमग, किंवा झोपेशिवाय विलक्षण उत्साह, यांपैकी काहीही आलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रतिसाद 4
हा आराखडा नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधाला जसाच्या तसा लावू नका. व्हेन्लाफॅक्सिन काही तासांतच उतरतं, एक डोस चुकला तरी त्याच दिवशी जाणवतं. पॅरोक्सेटिनही तसंच कठीण. फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे अंगात रेंगाळतं, त्यामुळे त्रास उशिरा येतो आणि कपातीशी त्याचा संबंध लक्षातच येत नाही. तिथे प्रत्येक टप्प्यावर किमान चार आठवडे थांबून मगच ठरवा.