आयटीआय देशभर चालतं, पण परवान्याचं काय?

आयटीआयचं प्रमाणपत्र देशभर चालतं, मग वायरमनला दुसऱ्या राज्यात अडचण कसली, असं काही जण म्हणतात; हा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. ते प्रमाणपत्र शिक्षणाचं; वायरिंगला परवाना लागतो आणि तो राज्याचा असतो. आमच्या सावंतवाडीकडची पोरं गोव्यात कामाला जातात. भिंत फोडून पाइप टाकण्यापासून डीबी (वीज वाटपाची पेटी) बसवण्यापर्यंत सगळं तीच करतात, पण वायरिंग तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का तिथल्या लायसनवाल्या ठेकेदाराचा. साहजिकच मजुरीतला मोठा वाटा त्याच्याकडे जातो. याचा मला खरंच राग येतो.

कारण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांतच (क्र. २९) राज्य सरकारने ‘दिलेला किंवा मान्य केलेला’ परवाना असे शब्द होते. म्हणजे शेजारच्या राज्याचा परवाना मान्य करायला वाट होतीच.