महिनाअखेर हातात काहीच उरत नाही, रोजच्या खर्चात नक्की कुठे हात आवरायचा?

कावेरी_नाशिक

नमस्कार मंडळी, इथे बऱ्याच दिवसांपासून नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. आम्ही घरात चौघं, मी, मिस्टर, मुलगा तिसरीत आणि सासूबाई (वय ७६, बीपी आणि शुगर दोन्ही). दोघांचा मिळून पगार ५२ हजार हातात येतो, त्यातले १२ घरभाड्याला जातात, किराणा-भाजी-दूध मिळून साधारण १४-१५, लाईट बिल दोन-सव्वादोन हजार (युनिट २१० च्या आसपास पडतात), सासूबाईंच्या गोळ्या २२०० च्या पुढे, दोन गाड्यांचं पेट्रोल, मुलाची व्हॅन, आणि मग राहिलेले पैसे कुठे जातात ते खरंच कळत नाही, २० तारखेनंतर कार्ड स्वाईप करायची वेळ येते. हॉटेलिंग आमचं फार नाही, कपडे सणावारालाच. मला मुलाच्या दूध-फळांत आणि सासूबाईंच्या औषधात कपात करायची नाहीये हे आधीच सांगते. बाकी रोजच्या जगण्यात सहज करता येईल असं काय काय आहे? "खर्च कमी करा" असं मोघम नको, तुमच्या घरी खरंच जे चालतंय ते सांगा प्लीज.

वायरमन_दादा

ताई, तुमच्या लाईट बिलापासून सुरुवात करतो कारण माझं कामच ते आहे. बिल नीट उघडून मागच्या बाजूचे दर बघा. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने असतो, पहिली १०० युनिट स्वस्त आणि १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीच्याही पुढे. म्हणजे तुमची वरची जी ११० युनिट आहेत तीच खरी महाग पडतायत, आणि जे काही वाचवाल ते आधी त्या महागातल्या युनिटमधूनच कमी होतं. म्हणून २१० ची १५० झाली तरी बिलात बराच फरक दिसतो.

आता वाचवायची कशी. लोकं चार्जरची बटणं बंद करत बसतात, त्यात फार काही नाही. पंख्यांकडे बघा. जुना साधा पंखा ७५ वॅटचा, दिवसाला १५ तास फिरला तर महिन्याला ३३-३४ युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २८ ते ३५ वॅटचा येतो, तेवढ्याच वेळात १३-१५ युनिट. एका पंख्यामागे महिन्याला जवळजवळ २० युनिट झाली, हॉल आणि बेडरूमचे दोन बदलले की ४०. एक पंखा अडीच-तीन हजाराला मिळतो आणि तुमच्या वरच्या दराने साधारण वर्ष-सव्वा वर्षात पैसे वसूल होतात. भाड्याचं घर आहे म्हणून थांबू नका, मालकाचा पंखा उतरवून माळ्यावर ठेवा, घर सोडताना तो परत लावून द्यायचा आणि आपला घेऊन जायचा, मी कितीतरी जणांना असं करून दिलंय.

दुसरं म्हणजे गिझर. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. चौघांच्या अंघोळी सकाळी पाठोपाठ उरका, टाकी एकदाच तापते. मधे मधे तास-तास गेला की पाणी निवतं आणि परत तापवायला लागतं. थर्मोस्टॅट पण ५० च्या आसपास ठेवा, ७० ला ठेवून वर थंड पाणी ओतण्यात काही अर्थ नाही. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रात्री मेन बटणातून बंद करा, तो नुसता स्टँडबायवर दिवसरात्र खात असतो. ट्यूब-बल्ब एलईडी नसतील तर आजच बदला.

बिल आलं की सात दिवसांत भरलं तर थोडी सूट आहे, आणि कागदी बिल बंद करून गो-ग्रीन घेतलं तर वर्षाचे १२० रुपये सुटतात. रक्कम छोटी आहे पण एकदा अर्ज केला की परत काही करायचं नाही.

सांगलीच्या_काकू

कावेरी, माझं वय झालंय, टायपिंग हळू आहे, सांभाळून घे गं. किराण्याचं बोलते. आमच्याकडे अजून वर्षाचं धान्य भरतात, आणि मला वाटतं शहरात राहणाऱ्यांनी ते सोडलं तिथेच किराणा वाढला. पाच-पाच किलोचं पीठ पॅकेटातलं आणलं की गहू, दळण, पॅकिंग, जाहिरात सगळ्याचे पैसे आपण देतो. मार्च-एप्रिलात नवा गहू येतो तेव्हा भाव उतरलेला असतो, तेव्हा घ्यायचा. पोळ्या खाणारं चौघांचं घर असेल तर वर्षाला साधारण दोन क्विंटल लागतो. लोकवन घे, पोळी मऊ होते. कडक उन्हात गच्चीवर एक-दोन दिवस चांगला वाळवायचा, दाणा दाताखाली कडकन तुटला पाहिजे, मग सावलीत गार होऊ द्यायचा, गरम गरम कोठीत भरला की घाम धरतो आणि पोरकिडे होतात. एरंडेल हाताला लावून गव्हाला चोळायचं, आणि कोठीत थराथराला वाळलेला कडुलिंबाचा पाला घालायचा. झाकण घट्ट. माझ्या कोठीत दिवाळीनंतरही कीड दिसत नाही.

पण एकदम सगळं वर्षाचं भरू नकोस, पैसे एकदम जातात आणि जागा पण नसेल. या वर्षी फक्त गहू भर. तूरडाळ नवी येते जानेवारी-फेब्रुवारीत, ती पुढच्या वर्षी. तिखट मात्र घरचंच कर, रंगाला ब्याडगी आणि झणक्याला थोडी लवंगी, डंकावर कुटून आणायची. विकतच्या पाकिटापेक्षा स्वस्त तर पडतंच शिवाय कमी घालावं लागतं.

भाजी रोज दारावर घेऊ नकोस. तुमच्या नाशकात गंगेवर (म्हणजे गोदावरीच्या काठी) बुधवारचा बाजार भरतो ना, तिथे आठवड्याची घ्यायची. संध्याकाळी उशिरा गेलं की मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या शेतकरी उतरत्या भावात देऊन टाकतात, त्याला परत न्यायच्या नसतात. (पण बाई, त्याच्याशी फार घासाघीस करू नये, त्याचं पण पोट आहे.) घरी आल्यावर त्याच रात्री निवडून कागदात गुंडाळून ठेवायची, नाहीतर अर्धी सडते आणि स्वस्त घेतलेलं महाग पडतं.

गॅसचं सगळ्यांना माहीतच असतं, डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवायचे, वरण-भात-बटाटे एकाच कुकरमध्ये, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक.

गोळीवाला

मी मेडिकल दुकानात बरीच वर्षं काम केलंय त्यामुळे सासूबाईंच्या औषधांबद्दल लिहितो. औषधात कपात करू नका हे तुमचं बरोबरच आहे, पण तीच औषधं कमी पैशात मिळू शकतात. बीपी-शुगरच्या गोळ्यांचं पाकीट हातात घ्या, मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव, जसं टेल्मिसार्टन ४०, अॅम्लोडिपिन ५, मेटफॉर्मिन ५००. ते मूळ नाव आणि ताकद एका कागदावर लिहून जनऔषधी केंद्रात जा. तिथे हीच औषधं बाजारातल्या ब्रँडेडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, काही काही तर त्याहून खूप स्वस्त.

दोन गोष्टी नक्की पाळा. एक, आधी डॉक्टरांना विचारा, पुढच्या फेरीला गेलात की "मूळ नावाने लिहून द्या" असं स्पष्ट म्हणा, नाही म्हणण्यासारखं त्यात काही नाही. दोन, नावापुढची अक्षरं जुळवून घ्या. मेटफॉर्मिन साधी वेगळी आणि एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी वेगळी, एकाच्या जागी दुसरी चालत नाही. दोन औषधं एकाच गोळीत असतील तर तो जोड तसाच्या तसा मिळतोय का बघा, नसेल तर तेवढी एक गोळी जुन्या दुकानातून घ्या. बदलल्यावर पहिले काही आठवडे बीपी लिहून ठेवा म्हणजे मनाला शंका राहत नाही.

आणि तपासण्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. रांग असते, सकाळ जाते हे खरं. पण दर तीन महिन्यांची शुगरची तपासणी तिथे केली तर खाजगी लॅबचे पैसे वाचतात. ज्यांच्या घरात कायमचं औषधपाणी आहे त्यांनी हे करायलाच हवं असं माझं मत आहे, कारण हा खर्च एक-दोन महिन्यांत संपणारा नाही, जन्माचा आहे.

हिशेबनीस

वरच्या सगळ्यांचं पटलं पण मी जरा वेगळं म्हणतो. कावेरीताई, तुम्ही लिहिलंत की २० नंतर कार्ड स्वाईप होतं, मला सगळ्यात जास्त काळजी त्या एका वाक्याची वाटली. बिल पूर्ण भरता की नुसतं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम? मिनिमम भरत असाल तर आधी ते थांबवा, बाकी पंखे आणि गहू नंतर. क्रेडिट कार्डचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं, वर्षाचं ३६ ते ४२ टक्के होतं, आणि मागचं थकलेलं असलं की नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासून व्याज. पतसंस्थेचं किंवा बँकेचं साधं कर्ज घेऊन कार्ड एकदाचं मिटवलं तरी परवडतं.

दुसरं, "पैसे कुठे जातात कळत नाही" याचं कारण मला बहुतेक घरांत एकच दिसतं, वर्षातून एकदा येणारे खर्च. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, गणवेश, मग गाडीचा विमा, दिवाळी, कुणाचं लग्न. हे दरवर्षी येणार हे माहीत असतं तरी महिन्याच्या हिशेबात कोणी धरत नाही आणि आले की कार्ड बाहेर निघतं. एका कागदावर बारा महिन्यांचे असे सगळे खर्च लिहा, बेरीज करा, बाराने भागा. जो आकडा येईल तो पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका, आणि त्या खात्याला यूपीआय जोडूच नका.

उरलं तर टाकू असं म्हटलं की कधीच उरत नाही, हे मी स्वतःच्या घरात आणि आजूबाजूला इतकं बघितलंय की आता कोणाशी वाद पण घालत नाही. पोस्टाची आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव) महिना १०० रुपयांपासून निघते, पाच वर्षांची. तिथून सुरू करा, कार्ड मिटलं की वाढवा. पीपीएफ असेल तर ५ तारखेच्या आत भरा, व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या सगळ्यात कमी शिलकीवर धरतात, ६ ला भरलं तर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज गेलं.

कावेरी_नाशिक

बाप रे, एवढं सविस्तर, सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीस दादा, हो, मागचे काही महिने मिनिममच भरत होतो, तुमचं वाचून रात्री मिस्टरांना दाखवलं, त्यांच्या ऑफिसच्या पतसंस्थेत ते उद्याच विचारणार आहेत. वायरमन दादा, मी बिलाची मागची बाजू आत्ता पाहिली, दर खरंच तसेच आहेत, हॉलचा पंखा या पगारात बदलतो. काकू, गहू एप्रिलमध्ये घेईन, कोठी गावाकडून आणायला लागेल. गोळीवाले दादा, सासूबाईंच्या पाकिटावर एसआर लिहिलंय, बरं झालं सांगितलंत.

अजून एक विचारायचं राहिलं, मे महिन्यात आम्ही धुळ्याला माहेरी जातो, सासूबाई पण येतात. दरवेळी गाडी करून जातो ते बरंच महाग पडतं. एसटीने जावं का?

लालपरी_प्रेमी

ताई एसटीनेच जा. बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, साधी असो की शिवनेरी सगळ्या गाड्यांना. सासूबाईंना ७५ च्या वर असल्यामुळे पूर्ण मोफत, २०२२ च्या ऑगस्टपासून, फक्त त्यांचं आधार कार्ड जवळ ठेवा, कंडक्टर जन्मतारीख बघतो. म्हणजे पूर्ण तिकीट एकट्या मिस्टरांचं, तुमचं आणि मुलाचं अर्धं. मे मध्ये गर्दी असते म्हणून आधी रिझर्वेशन करा. आणि हे राज्याच्या हद्दीतच चालतं, शहर बसला नाही.

कावेरी_नाशिक

मोफत?? सासूबाईंना आत्ता सांगितलं तर म्हणतात मग मी दर महिन्याला लेकीकडे जळगावला जाते.

लालपरी_प्रेमी

जाऊ द्या की, त्यांचा हक्कच आहे तो. सकाळची गाडी बघा, ऊन लागायच्या आत पोचतील.